रक्षकाच्या हातातली बंदूक

अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली चकमक २६ ऑक्टोबर १८८१ रोजी ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी झाली. एका बाजूला व्हर्जिल, वायट आणि मॉर्गन हे अर्प बंधू आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे, दुसऱ्या बाजूला क्लँटन आणि मॅक्लॉरी घरांतले गुराखी. जेमतेम अर्धा मिनिट गोळ्या झडल्या आणि तिघे मेले. आज त्याच गावात पर्यटकांसाठी या प्रसंगाचा खेळ होतो. चांगल्या माणसांनी वाईट माणसांना समोरासमोर गाठलं आणि बंदुकीने न्याय केला, एवढाच अर्थ त्यातून लोक घरी घेऊन जातात.

चकमक कशावरून झाली, हे त्या खेळात मागे पडतं. टूमस्टोनमध्ये हत्यार घेऊन फिरायला बंदी होती. बाहेरून येणाऱ्याने आपली बंदूक तबेल्यात किंवा दारूच्या गुत्त्यात जमा करायची आणि जाताना परत घ्यायची, असा गावाचा नियम होता. आइक क्लँटनला त्याच दिवशी हत्यार बाळगल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला होता. व्हर्जिल अर्प हा गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख होता आणि उरलेल्यांची हत्यारं काढून घ्यायला तो निघाला होता. ज्या प्रसंगावर बंदुकीच्या स्वातंत्र्याची अख्खी गोष्ट उभी आहे, तो प्रसंग शस्त्रबंदीचा नियम राबवताना घडला. टूमस्टोन याला अपवादही नव्हतं. कॅन्ससमधलं डॉज सिटी हे गुराख्यांचं बदनाम गाव. तिथे १८७० च्या दशकात भर रस्त्यात फलक होता: बंदूक बाळगण्यास सक्त मनाई. त्या फलकाचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. दुकानं चालायला हवीत, बायकामुलांनी येऊन वसायला हवं, रात्री झोप लागायला हवी, तर कमरेची पिस्तुलं उतरलीच पाहिजेत, हे त्या काळच्या गावकऱ्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

हा विषय मला एवढा महत्त्वाचा वाटतो तो याच तफावतीमुळे. अमेरिकेतल्या बंदुकांवरची चर्चा कायदा, निवडणुका आणि पैसा यांच्याभोवती फिरते. ते सगळं खरं आहे. पण सुमारे ३३ कोटींच्या देशात नागरिकांच्या हाती ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, हा स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१७ चा अंदाज. जगाच्या लोकसंख्येच्या चार टक्के लोकांकडे जगातल्या नागरी बंदुकांपैकी ४६ टक्के बंदुका. असा आकडा केवळ कायद्याच्या फटीतून तयार होत नाही. त्यामागे लोकांना मनापासून पटलेली, लहानपणापासून ऐकलेली एक कथा लागते. घराच्या उंबरठ्यावर एकटा उभा असलेला, कुटुंबाच्या आणि संकटाच्या मधोमध ठाकलेला सशस्त्र पुरुष, ही ती कथा. माझं म्हणणं असं की ती कथा घडवलेली आहे, ती वास्तवाशी जुळत नाही, आणि तिची सर्वांत जबर किंमत तो पुरुष आणि त्याच्या घरातली माणसंच मोजतात.

घडवलेली कशी, ते आधी पाहू. १८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकी सरकारने जाहीर केलं की वसाहतीची सरहद्द, म्हणजे गोऱ्यांची वस्ती जिथे संपते ती रेषा, आता उरलेली नाही. त्याच सुमाराला ती सरहद्द रंगमंचावर मात्र दिमाखात उभी राहत होती. बफेलो बिल कोडीने १८८३ मध्ये आपला ‘वाइल्ड वेस्ट’चा खेळ सुरू केला. घोडे, टपालगाडीवरचा हल्ला, वेढलेली झोपडी आणि शेवटच्या क्षणी धावून येणारे बंदूकधारी. हा खेळ शहरांतून फिरला, पुढे इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाने पाहिला. त्यात मूळ रहिवासी स्वतःच्याच भूमीवर हल्लेखोर म्हणून दाखवले जात आणि जमीन बळकावणारे बचाव करणारे ठरत. ही उलटापालट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बंदुकीच्या कथेत बंदूकधारी नेहमी बचावच करत असतो, पहिला वार नेहमी दुसऱ्याचा असतो. पुढे स्वस्त कादंबऱ्यांनी, मग सिनेमाने आणि टीव्हीने हाच साचा वापरला. टूमस्टोनची चकमकसुद्धा देशभर घरोघरी पोचली ती १९३१ साली वायट अर्पचं एक रंगवलेलं चरित्र आल्यानंतर, म्हणजे घटनेनंतर पन्नास वर्षांनी.

यात कारखानदारांचा वाटाही कमी नव्हता. पश्चिमेच्या रानावनात शोभणाऱ्या त्या बंदुका तयार होत होत्या पूर्वेला, कनेटिकट राज्यातल्या शहरांत. कोल्टचा कारखाना हार्टफर्डला, विंचेस्टरचा न्यू हेवनला. यंत्रांवर हजारोंनी माल निघायचा, आणि तो कुणाला तरी विकावा लागायचा. एक काळ परदेशी सैन्यांच्या मागण्यांनी या कारखान्यांना तारलं. तुर्कस्तानच्या ऑटोमन सरकारने विंचेस्टरच्या रायफली मोठ्या संख्येने घेतल्या होत्या. पहिल्या महायुद्धात विंचेस्टरने पसारा अवाढव्य वाढवला, युद्ध संपल्यावर मागणी आटली आणि कर्ज उरलं. ‘पश्चिम जिंकून देणारी बंदूक’ ही विंचेस्टरची जगप्रसिद्ध बिरुदावली विसाव्या शतकातली आहे, पश्चिम ‘जिंकून’ झाल्यानंतरची. गरजेपोटी घेतली जाणारी वस्तू एकदा घेतली की पिढ्यान्‌पिढ्या टिकते, दुसरी लागत नाही. अभिमानापोटी घेतली जाणारी वस्तू मात्र कितीही घेता येते. एकाच घरात पाच, दहा, पंधरा बंदुका का असतात, याचं एक उत्तर इथे आहे.

दुसरा धागा त्याहून जुना, स्वातंत्र्ययुद्धाचा. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड इथे शेतावरचे लोक घरातल्या बंदुका घेऊन ब्रिटिश फौजेसमोर उभे ठाकले. हे खरं आहे, आणि त्यातलं धैर्यही खरं आहे. पण पुढची आठ वर्षं युद्ध चालवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनचं या हौशी पथकांविषयी काय मत होतं? सप्टेंबर १७७६ मध्ये त्याने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, लिहिलं की अशा पथकांवर विसंबणं म्हणजे मोडक्या काठीवर भार टाकणं आहे. युद्ध जिंकलं ते प्रशिक्षित सैन्याच्या चिकाटीने आणि फ्रान्सच्या आरमाराच्या मदतीने. तरीही आठवणीत राहिला तो चूल सोडून बंदूक उचलणारा शेतकरी. १७९१ साली राज्यघटनेत आलेल्या दुसऱ्या दुरुस्तीकडे आज याच चित्रातून पाहिलं जातं. ती दुरुस्ती एका वाक्याची आहे. त्यात सुव्यवस्थित नागरी पथकाचा उल्लेख आधी आहे आणि शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नंतर. १९३९ च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्काची सांगड पथकाशी घातली होती. व्यक्तीला स्वतःच्या घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा घटनादत्त हक्क आहे, असं न्यायालयाने स्पष्टपणे म्हटलं ते २००८ साली, वॉशिंग्टन शहरातल्या हेलर खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नेमलेले माजी सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी तर १९९१ मध्ये, दुरुस्तीचा असा अर्थ लोकांच्या गळी उतरवणं ही आपण पाहिलेल्या मोठ्या फसवणुकींपैकी एक आहे, असं दूरचित्रवाणीवर सांगितलं होतं.

मधल्या काळात बदललं काय? नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. यादवी युद्धात सैनिकांचा नेम किती कच्चा आहे हे पाहिलेल्या अधिकाऱ्यांना नेमबाजी सुधारायची होती. १९३४ मध्ये काँग्रेसपुढे साक्ष देताना या संस्थेचे अध्यक्ष, ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते नेमबाज कार्ल फ्रेडरिक म्हणाले होते की बंदुका सर्रास बाळगत फिरणं आपल्याला मान्य नाही, त्यावर कडक निर्बंध हवेत, ते परवान्यानेच व्हावं. मे १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत कडव्या गटाने ही संस्था ताब्यात घेतली. जुन्या नेतृत्वाला मुख्यालय कोलोरॅडोला हलवून शिकार, खेळ आणि निसर्गसंवर्धन यांवर भर द्यायचा होता. नव्या नेतृत्वाला राजकीय लढाई हवी होती. त्या दिवसापासून बंदूक ही वस्तू मागे पडली आणि निष्ठेची खूण पुढे आली.

आता मनाकडे वळतो, कारण माझ्या मते खरी गाठ तिथे आहे.

१९९९ मध्ये अमेरिकी बंदूकमालकांना विचारलं होतं की तुम्ही बंदूक मुख्यतः कशासाठी ठेवता. ४९ टक्के म्हणाले शिकारीसाठी, २६ टक्के म्हणाले संरक्षणासाठी. २०१३ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने तोच प्रश्न विचारला तेव्हा उत्तरं उलटली होती: संरक्षण ४८, शिकार ३२. प्रश्नाची ठेवण थोडी बदलून २०२३ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा ७२ टक्के मालकांनी संरक्षण हे प्रमुख कारण सांगितलं. आता याच्याशेजारी दुसरी गोष्ट ठेवा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१९ पर्यंत अमेरिकेतल्या हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. गुन्हे घटत असताना संरक्षणाची गरज वाढली. धोका आणि भीती यांची फारकत झाली. त्या वर्षांत बहुतेक वेळा बहुसंख्य अमेरिकी लोक गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत सांगत राहिले की देशातले गुन्हे वाढत आहेत.

मग भीती कशाची? समाजशास्त्रज्ञ जेनिफर कार्लसन यांनी मिशिगन राज्यात बंदूक बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये दीर्घकाळ राहून अभ्यास केला. मोटार कारखान्यांवर जगणारा तो प्रदेश. बापाने एका पगारावर घर बांधलं, मुलं शिकवली. मुलाला ते जमेना. कमावता म्हणून घरात जी जागा होती ती डळमळीत झाली. पैसे पुरेसे आणता येत नसले तरी मी तुमचं रक्षण करू शकतो, ही भूमिका मात्र अजून हाताशी होती, आणि ती सिद्ध करायला कमरेला पिस्तूल पुरेसं होतं. कार्लसन या पुरुषांना वेडे ठरवत नाहीत, आणि मलाही ते मुळीच वेडे वाटत नाहीत. आपली कुणाला तरी गरज असावी, आपल्या असण्याने कुणी तरी सुरक्षित असावं, ही भावना माणसाच्या सर्वांत चांगल्या भावनांपैकी एक आहे. तिचा असा वापर होतो, याचंच दुःख आहे.

वापर हा शब्द मी जाणूनबुजून लिहितो. बुशमास्टर कंपनीने आपल्या एआर-१५ प्रकारच्या रायफलीची जाहिरात केली, त्यात रायफलीच्या चित्रासोबत मजकूर होता की तुमचं पुरुषत्वाचं ओळखपत्र तुम्हाला पुन्हा बहाल झालं आहे असं समजा. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, ती याच कंपनीच्या रायफलीने. पीडित कुटुंबांनी दावा लावला तो या जाहिरातबाजीवर बोट ठेवून, कारण २००५ च्या एका केंद्रीय कायद्याने बंदूक उत्पादकांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मालक कंपनी रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला. ‘बंदूक घेतलीस तर पुरुष, नाहीतर नाही’ असं सांगून माल विकणाऱ्यांना ठाऊक होतं की ते कुठे बोट ठेवत आहेत.

हातात हत्यार आलं की मन कसं बदलतं, यावर प्रयोग झालेले आहेत. १९६७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात लेनर्ड बर्कोविट्झ आणि अँथनी लेपेज यांनी चिडवलेल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्याला विजेचे झटके द्यायची मुभा दिली. समोरच्या टेबलावर बंदुका ठेवलेल्या असताना त्यांनी जास्त झटके दिले. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम कधी दिसला, कधी नाही, म्हणून त्यावर मोठी इमारत मी रचणार नाही. मला अधिक सूचक वाटतो तो २०१२ मधला जेसिका विट आणि जेम्स ब्रॉकमोल यांचा प्रयोग. लोकांना झरझर चित्रं दाखवली आणि समोरच्या माणसाच्या हातात बंदूक आहे की साधी वस्तू हे ओळखायला सांगितलं. ज्यांच्या स्वतःच्या हातात बंदूक दिली होती त्यांना समोरच्याच्या हातातही बंदूक असल्याचा भास अधिक वेळा झाला. बंदूक नुसती जवळ ठेवलेली असताना असं झालं नाही, ती हातात धरावी लागत होती.

हे प्रयोगशाळेतलं झालं. १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथे हॅलोवीनच्या मेजवानीला निघालेला सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी चुकीच्या घरी गेला. घरमालकाने इंग्रजीत ओरडून थांबायला सांगितलं, ते त्याला नीट कळलं नाही, आणि तो गोळी लागून मेला. घरमालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला. मुलाच्या आईवडिलांनी जपानमध्ये सतरा लाखांहून अधिक सह्या गोळा करून त्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे नेल्या. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत धाकट्या भावांना आणायला गेलेल्या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाने चुकीच्या घराची बेल वाजवली. ८४ वर्षांच्या मालकाने दारातूनच त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो वाचला. दोनच दिवसांनी न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात चुकून दुसऱ्याच्या अंगणात वळलेल्या गाडीतली वीस वर्षांची तरुणी मारली गेली. प्रत्येक घरात उंबरठ्यावर एक रक्षक उभा होता आणि दारात शत्रू येणार याची त्याला खात्री होती.

शत्रूचा चेहरा कसा असतो, हेही अमेरिकेच्या इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिकत्व का देता येणार नाही याची जी भयसूचक यादी दिली, तिच्यात एक कारण होतं: नागरिक झाले तर त्यांना कुठेही शस्त्र बाळगता येईल. गुलामगिरी संपताच १८६५ मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या लोकांना परवान्याशिवाय शस्त्र ठेवायला बंदी केली. मे १९६७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात शिरले. त्याच वर्षी भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी घालणारा मलफर्ड कायदा झाला, आणि त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. हेच रेगन पुढे बंदूक चळवळीचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले. हक्क सर्वांचा म्हणून सांगितला गेला, पण रक्षकाच्या भूमिकेसाठी निवड फार थोड्यांची झाली.

इथे मला थांबून दुसऱ्या बाजूचं म्हणणं पूर्ण गांभीर्याने मांडायचं आहे, कारण ते कृष्णवर्णीयांच्याच इतिहासातून सर्वांत जोरकसपणे येतं. झुंडबळींविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या आयडा बी. वेल्स यांनी १८९२ मध्ये लिहिलं की प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असावी. पोलीसच झुंडीत सामील असतील तर माणसाने कुणाकडे पाहायचं? लुइझियानात १९६४ मध्ये ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या गटाने नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांचं बंदुका घेऊन रक्षण केलं आणि त्यामुळे काहींचे जीव वाचले असणार. १९५६ मध्ये माँटगोमेरीतल्या घरावर बाँब पडल्यावर खुद्द मार्टिन लूथर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला होता. तो नाकारला गेला. आजही माँटानातल्या एखाद्या कुरणावर पोलीस यायला तास लागतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळालेल्या बाईला न्यायालयाचा कागद पुरेसा वाटत नाही. यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की तुमची भीती काल्पनिक आहे? ती नाही. पण किंग यांनी पुढे काय केलं तेही पाहायला हवं. घरात बंदूक ठेवून आपल्याला अधिक सुरक्षित वाटतं का, याचा त्यांनी आणि पत्नीने विचार केला आणि घरात होती ती एकुलती एक बंदूक काढून टाकली. स्वतः किंग यांनी लिहून ठेवलं आहे की ती गेल्यानंतर त्यांची भीती कमी झाली. मृत्यूची शक्यता त्यांनी अर्थातच नाकारली नव्हती.

सँडी हूकच्या हत्याकांडानंतर आठवड्याभरात रायफल असोसिएशनचे वेन लापिएर म्हणाले, बंदूक घेतलेल्या वाईट माणसाला थांबवू शकतो तो फक्त बंदूक घेतलेला चांगला माणूस. हे वाक्य म्हणजे टूमस्टोनचा खेळ एका ओळीत. २४ मे २०२२ रोजी टेक्ससमधल्या युवाल्डी गावातल्या शाळेत एक हल्लेखोर शिरला. हळूहळू तिथे विविध दलांचे ३७६ सशस्त्र अधिकारी जमले. हल्लेखोराला ठार मारेपर्यंत ७७ मिनिटं गेली. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्याच्या दहा दिवस आधी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एका सुपरमार्केटमध्ये पहारेकरी म्हणून काम करणाऱ्या निवृत्त पोलिसाने हल्लेखोरावर नेम धरून गोळी झाडली होती. ती चिलखताला लागली, आणि तो पहारेकरी मारला गेला. तो भित्रा नव्हता, नवखाही नव्हता. त्याने कथेतल्या नायकाने करायचं ते सगळं केलं. कधीतरी एखादा सशस्त्र नागरिक हल्लेखोराला रोखतोही, तशी उदाहरणं आहेत. पण देशाच्या सुरक्षेचा पाया म्हणून एका विरळ योगायोगावर भिस्त ठेवायला सांगणं, ही मुलांच्या जिवाशी केलेली हेळसांड आहे.

एवढं लिहूनही सर्वांत मोठी गोष्ट अजून राहिली. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,२०४ माणसं मेली. त्यांतल्या २७,०३२ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. वृत्तवाहिन्यांवर दिसणारी सामूहिक हत्याकांडं या एकूण आकड्याचा लहानसा भाग आहेत. वायोमिंग, माँटाना, अलास्का या राज्यांत, जिथे रक्षकाची कथा सर्वांत जिवंत आहे, तिथे आत्महत्यांचं प्रमाण देशात सर्वांत वरचं आहे, आणि मरणाऱ्यांत मोठी संख्या मध्यमवयीन आणि वृद्ध श्वेतवर्णीय पुरुषांची आहे. जो चोराची वाट पाहत बंदूक उशाशी ठेवतो, त्याच्याच कपाळी ती येते. कुंपणच शेत खातं.

कॅलिफोर्नियातल्या सुमारे २.६ कोटी प्रौढांचा माग घेणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांकडे पिस्तूल होतं त्यांचा बंदुकीने आत्महत्या करण्याचा धोका पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या जवळपास आठपट निघाला; स्त्रियांत तो पस्तीसपट होता. ज्यांना मरायचं आहे ते काहीही करून मरतातच, असं यावर सांगितलं जातं. हे खोटं आहे, आणि या समजुतीने जितके जीव घेतले तितके क्वचितच कुठल्या समजुतीने घेतले असतील. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ह्यूस्टनमधल्या एका अभ्यासात, मरणाच्या दारातून परतलेल्या तरुणांपैकी जवळपास एक चतुर्थांश जणांच्या बाबतीत निर्णय आणि कृती यांच्यात पाच मिनिटंही नव्हती. ती लाट ओसरते. बंदूक हाताशी असली तर ती ओसरायला वेळच मिळत नाही, कारण बंदुकीने केलेले बहुतांश प्रयत्न जीव घेऊनच थांबतात. इस्रायलच्या लष्कराने २००६ मध्ये सैनिकांना आठवड्याच्या सुट्टीत रायफल घरी नेण्यास मनाई केली. सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. कुणाचीही बंदूक कायमची काढून घेतली नव्हती.

एवढी माहिती असूनही फरक का पडत नाही? २०१७ मध्ये प्यूच्या पाहणीत ७४ टक्के बंदूकमालकांनी सांगितलं की बंदूक बाळगण्याचा हक्क त्यांच्या स्वातंत्र्याच्या कल्पनेचा अविभाज्य भाग आहे. अशा माणसापुढे आकडे ठेवले की त्याला ऐकू येतं ते एवढंच: तुझा बाप चुकला, तू चुकलास, तू कुणाचंही रक्षण करू शकत नाहीस. त्यात बोलणारा शहरातला, शिकलेला आणि थोडा तुच्छतेने पाहणारा असला की संवाद तिथेच संपतो. प्रत्येक मोठ्या हत्याकांडानंतर कायदा येण्याच्या भीतीने बंदुकांची विक्री वाढते, हे वारंवार दिसलं आहे. नियंत्रणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे, या तुच्छतेचा हिशेब करायला हवा.

न्यू हॅम्पशायरमध्ये जे घडलं ते म्हणूनच मला फार मोलाचं वाटतं. २००९ मध्ये एका आठवड्याच्या आत, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तिघांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांत आयुष्य संपवलं. हे कळल्यावर दुकानदार हादरला. त्याने खांदे उडवले नाहीत. तो, हार्वर्ड विद्यापीठातले सार्वजनिक आरोग्याचे संशोधक आणि राज्यातले बंदूकप्रेमी एकत्र बसले. घाईत असलेलं, अस्वस्थ, बंदुकीच्या प्रकाराशी देणंघेणं नसलेलं गिऱ्हाईक कसं ओळखायचं आणि त्याला नाही कसं म्हणायचं, याच्या सूचना दुकानदारांसाठी तयार झाल्या. गिऱ्हाइकांसाठी भित्तिपत्रकं आली. नेमबाजी शिकवताना सुरक्षिततेचे दहा नियम सांगण्याची पद्धत होती. त्यांत अकरावा जोडला गेला: घरातलं कुणी खचलेलं असेल तर काही काळ बंदुका घराबाहेर ठेवा. राज्यातल्या जवळपास निम्म्या दुकानांनी ही पत्रकं लावली, आणि ही कल्पना पुढे इतर राज्यांत गेली. या लोकांनी रक्षकाची कथा मोडली नाही. त्यांनी रक्षकाला विचारलं की आज तुझ्या घरात खरा धोका कोणाला आहे.

कायद्यांची गरज यामुळे कमी होत नाही. धोक्याच्या काळात न्यायालयाच्या आदेशाने बंदूक तात्पुरती काढून घेण्याचा कायदा कनेटिकटने १९९९ मध्ये प्रथम केला, आज तो वीसहून अधिक राज्यांत आहे. घरगुती हिंसेमुळे न्यायालयाने ज्याच्यावर बंधन घातलं आहे त्याच्या हातून बंदूक काढून घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी मान्य केलं. दुसरीकडे २९ राज्यांत आता परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगता येतं. टूमस्टोनच्या गावकऱ्यांना ते वेडेपणाचं वाटलं असतं. खरेदी आणि ताबा यांच्यात काही दिवसांचं अंतर, घरात मुलं असतील तर कुलूपबंद साठवण, खाजगी विक्रीतही पार्श्वभूमीची तपासणी, हे नियम कुणाच्याही हक्कावर घाला घालत नाहीत, आणि ते देशभर लागू व्हायला हवेत. पण ज्या राज्यांत त्यांची सर्वांत गरज आहे तिथल्या विधिमंडळात हा मुद्दा मांडायला बाहेरचे तज्ज्ञ पाठवून उपयोग नाही. तिथे शिकारीचे प्रशिक्षक, निवृत्त सैनिक, दुकानदार आणि ज्यांनी आपला भाऊ किंवा मुलगा घरातल्याच बंदुकीने गमावला ते बंदूकमालक उभे राहिले पाहिजेत. आणि ते उभे राहतात तेव्हा नियंत्रणवाद्यांनी त्यांच्याकडे बंदुका सोडून देण्याची अट आधी ठेवू नये.